व्हिन्सची सेलेरी

लसणाची गड्डी हातात आली की मी ती आधी उलटी करते. कुणाच्या घरी जेवायला गेले आणि ओट्यावर लसूण दिसला, तरी हात जातोच. माझी मुलगी म्हणते, "आई, दॅट्स सो एम्बॅरसिंग." असू दे. बुडाला मुळांची दाढी असेल तर तो लसूण इथला, ऑस्ट्रेलियाच्या मातीतला. बूड कापून, खरवडून गुळगुळीत केलेलं असेल तर तो बाहेरच्या देशातून आलेला. मुळांबरोबर परकी माती आत येऊ नये म्हणून ती आधीच काढून टाकतात, वर बहुतेकदा धुरीही देतात. मग टोपलीवर खडूने कितीही वळणदार अक्षरांत 'लोकल ऑरगॅनिक' लिहिलेलं असो.

हे मला रोझने शिकवलं. नंतर जे घडलं, त्यानंतरही हे मला रोझनेच शिकवलं असंच मी सांगते, कारण ते खरं आहे.

मी पुण्याहून इथे न्यूट्रिशन शिकायला आले. युनिच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, दिवसांत एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये काम करायचे. माझं काम म्हणजे गिऱ्हाइकं स्वतःच माल स्कॅन करतात त्या मशीनांपाशी उभं राहायचं आणि हसतमुखाने लक्ष ठेवायचं. तिथे माझं जे शिक्षण झालं ते युनित झालं नाही. इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ सहा ऑरगॅनिक अव्होकाडो मशीनवर ठेवायचे आणि पडद्यावर बोट मात्र कांद्यावर. त्या मशीनच्या हिशेबाने आमच्या उपनगराइतके कांदे जगात कुणी खात नसेल. ऑरगॅनिक मालाच्या स्टिकरवरचा पाच आकडी नंबर नऊपासून सुरू होतो, साध्या मालाचा चार आकडी असतो. लोक नखाने तो स्टिकर सोलून काढायचे आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "हाउ यू गोइंग?" फसवतं ते गिऱ्हाईक, आणि दुकान फसवलं जातं, हे माझ्या डोक्यात तिथे इतकं पक्कं बसलं की पुढे बरीच वर्षं मी चुकीच्याच बाजूला बघत राहिले.

पुढे लग्न झालं. मिलिंदला आयटीत नोकरी लागली, आम्ही वेरिबी या उपनगरात घर घेतलं आणि मी रोझच्या दुकानात लागले.

दुकान लहान होतं. पुढे फळं-भाज्या, मागे डाळी-धान्यं, एका कोपऱ्यात तेलं आणि मध. सगळं ऑरगॅनिक. रोझचे वडील इटलीहून आलेले. त्यांनी वेरिबी साउथला, समुद्राच्या बाजूला, आयुष्यभर फुलकोबी पिकवला. तिथली माती लाल, वारा खारट, आणि शेतं अजूनही बरीचशी अशाच जुन्या इटालियन घरांची. वडिलांनंतर जमीन रोझच्या थोरल्या भावाकडे गेली, व्हिन्सकडे. व्हिन्सने लग्न केलं नाही. वडील फवारणी करून घरी यायचे आणि त्याच हातांनी पाव तोडून पोरांना द्यायचे, हे त्याच्या मनात लहानपणापासून सलत होतं. जमीन हातात येताच त्याने औषधं बंद केली. ऑरगॅनिकचं प्रमाणपत्र एका दिवसात मिळत नाही. जमिनीला काही वर्षं तशीच, औषधाविना, वागवावी लागते. दरवर्षी तपासनीस येऊन माती, पाणी, वह्या बघून जातो. मगच खोक्यावर तो नंबर छापता येतो. व्हिन्सने ती वर्षं कशीबशी काढली, आणि त्याचा माल विकायला म्हणून रोझने दुकान काढलं. म्हणजे भावाच्या हट्टातून बहिणीचा धंदा उभा राहिला.

एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली तर खरी वाटत नाही. या देशात देशातल्या देशात विकायच्या मालावर 'ऑरगॅनिक' लिहायला प्रमाणपत्र सक्तीचं नाही. खोटं लिहिलंत आणि सापडलात तर ग्राहकांचा कायदा आहे, पण मुळात सगळं उभं आहे ते शब्दावर. शेतकरी दुकानदाराला शब्द देतो, दुकानदार गिऱ्हाइकाला. रोझला हे माहीत होतं आणि ती त्या बाबतीत कडक होती. एकदा एक व्यापारी 'ऑरगॅनिक' लसणाची पोती घेऊन आला. रोझने एक गड्डी उलटी केली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि दार उघडून धरलं. 

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका बाईंनी केल या पालेभाजीची जुडी परत आणली, कारण आत अळी निघाली. "मी पैसे भाजीचे दिले होते, प्राण्याचे नाही," असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. त्याच आठवड्यात सुनेच्या बाळंतपणासाठी नाशिकहून आलेल्या एक काकू दुकानात आल्या. चष्मा वर करून त्यांनी मेथीची पानं तपासली आणि मला मराठीत म्हणाल्या, "अळीनं खाल्लीय, म्हणजे माणसानं खायला हरकत नाही." रोझला हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा तिने ते पाटीवर लिहायला लावलं.

आणि गॅव्हिन. दर गुरुवारी आरवोला, म्हणजे दुपारी, शाळा सुटायच्या आधी, तो आणि त्याची बायको लॉरेन यायचे. गॅव्हिनने तीस वर्षं शेतांवर फवारणीची कंत्राटं घेतली होती. मास्क असायचा, पण उन्हाळ्यात कोण घालणार. आता त्याला पार्किन्सन्स होता. फवारणीमुळे झाला असं खात्रीने सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणायचे. गॅव्हिनला खात्री होती. आजार झाल्यापासून घरात औषध मारलेलं पानही येऊ द्यायचं नाही, हा त्याचा नियम. हात थरथरायचे म्हणून त्याची भाजी मी निवडून द्यायचे. पालकासारखी सिल्व्हरबीट, गाजरं आणि व्हिन्सची सेलेरी, लांब हिरव्या देठांची. सेलेरी त्याला रोज लागायची, लॉरेन तिचं सूप करायची.

इथे सत्तरीच्या माणसालाही नावाने हाक मारतात. पहिली दोन वर्षं माझी जीभ अडखळली, मग सवय झाली. पण गॅव्हिनशी बोलताना मनातल्या मनात मी 'काका' जोडायचे. एकदा त्याने माझ्या हातातली सेलेरी बघत, माझ्या नावाचा इथे सगळे करतात तसा तुकडा पाडून विचारलं, "मॅन्ज, हे नक्की ना? तू जबाबदारी घेतेस?"

मी म्हटलं, "व्हिन्सचं शेत इथून पंधरा मिनिटांवर आहे, गॅव्हिन. मी घेते जबाबदारी."

व्हिन्सच्या शेतावर मी तोवर दोनदाच गेले होते, आणि तेही अगदी सुरुवातीला.

मागच्या वर्षी हिवाळ्यात रोझच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुढे काही आठवडे तिला रिहॅबमध्ये राहायचं होतं, आणि दुकान माझ्यावर होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अठरा वर्षं भाज्यांत घालवल्यावर कुणीतरी किल्ल्या हातात दिल्या होत्या.

एका मंगळवारी एक नवीन गिऱ्हाईक आलं. तरुण बाई, कडेवर बाळ. बाळाला पहिल्यांदाच भाज्या उकडून द्यायच्या होत्या. तिने व्हिन्सच्या सेलेरीवरची पाटी वाचली आणि सर्टिफिकेट बघायला मिळेल का म्हणून विचारलं. तिने अगदी नम्रपणे विचारलं होतं. मी म्हटलं, "नो वरीज," आणि रोझच्या टेबलाच्या खणातून सगळ्या शेतांच्या प्रमाणपत्रांची फाइल काढली. ती फाइल रोझच सांभाळायची. मी ती कधी उघडली नव्हती, तशी वेळच आली नव्हती.

व्हिन्सच्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपली होती.

मी ते पान त्या बाईला दाखवलं नाही. नवीन प्रत सापडत नाही, गुरुवारी या, असं सांगितलं. माझ्या अठरा वर्षांतलं ते पहिलं खोटं, आणि ते इतक्या सहज तोंडातून आलं की मी चपापले. रोझने नवीन कागद दुसरीकडे कुठे ठेवला असेल असंच तेव्हा वाटत होतं. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला फोन केला आणि खोक्यावरचा नंबर वाचून दाखवला. पलीकडच्या बाईने थोडा वेळ घेतला, मग म्हणाली, हा नंबर चालू नाही. शेतकऱ्याने नूतनीकरण केलेलंच नाही. आणि मग तिने विचारलं, "तुम्हाला हा नंबर कुठे दिसला?"

मी फोन ठेवला. माझ्यासमोर त्याच नंबराची सहा खोकी रचलेली होती.

बुधवारी दुपारी मी काउंटरवरच्या मुलीला दुकान बघायला सांगितलं आणि गाडी काढली. व्हिन्सला काही विचारायच्या आधी आपण शेत बघावं, सेलेरी आधीसारखीच औषधाविना वाढतेय हे डोळ्यांनी बघावं, म्हणजे मन शांत होईल, असं काहीतरी डोक्यात होतं. व्हिन्सचा माल दर गुरुवारी सकाळी त्याचा शेजारी डीन आपल्या यूटमधून, म्हणजे मागे उघड्या छोट्या ट्रकमधून, आणून टाकायचा. व्हिन्सचं वय झालंय, शेजारी मदत करतो, यात कुणाला काय वावगं वाटणार.

रस्ता तोच होता. दोन्ही बाजूंना फुलकोबी, ब्रॉकोली, लाल माती. व्हिन्सच्या फाटकातून आत गेले आणि गाडी थांबवून नुसती बसून राहिले.

शेत नव्हतं. म्हणजे जमीन होती, पण तिच्यावर कमरेएवढं काटेरी गवत वाढलं होतं. पाण्याचे पाइप मधोमध तुटून पडले होते. ट्रॅक्टर होता तो गंजून एका अंगावर कलला होता. एका वर्षात असं होत नाही. भाजीचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला तेवढं कळतं. कुठेही सेलेरी नव्हती. बांधावर नाही, परसात नाही, एक रोपही नाही.

शेडमध्ये मात्र दिवा होता. आत व्हिन्स एका स्टुलावर बसला होता, स्वच्छ शर्ट, वर लोकरीचं जाकीट. त्याच्या डाव्या बाजूला काळ्या प्लास्टिकच्या क्रेटांत सेलेरीचे गड्डे होते, उजव्या बाजूला त्याच्या नावाची छापील खोकी. तो एक गड्डा उचलायचा, बाहेरची पानं सुरीने छाटायचा, देठ फडक्याने पुसायचा आणि खोक्यात नीट आडवा ठेवायचा. बारा गड्डे झाले की खोकं बंद. त्याचे हात इतके सराईत होते की मी दारातच उभी राहून बघत राहिले.

त्याने मला ओळखलं नाही, पण दुकानातून आले म्हटल्यावर खूश झाला. एक देठ तोडून हातात दिला.

"खा," तो म्हणाला. "खालच्या तुकड्यातली आहे. आज सकाळीच काढली. या वर्षी पाणी चांगलं मिळालं."

मी त्या देठाकडे बघितलं, मग क्रेटांकडे. क्रेटवर शेजारच्या शेताचं नाव होतं. डीनचं. डीन सगळ्यांसारखी औषधं मारून शेती करतो. त्यात चूक काही नाही, तो तसं कधी लपवतही नाही. मी व्हिन्सला विचारलं, हे क्रेट कुणी आणले. तो माझ्याकडे गोंधळून बघत राहिला. मग म्हणाला, "बाबांनी." त्याचे बाबा जाऊन तीस वर्षं झाली होती.

मी तो देठ खाल्ला. दुसरं काय करणार होते? तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

बाहेर डीन यूट लावून उभा होता, बहुधा माझी गाडी बघून आला असावा. तो आधी माझ्याकडे आणि मग जमिनीकडे बघत बोलला. तीन वर्षांपूर्वी व्हिन्सचं डोकं चालेनासं झालं. त्याने एकाच वाफ्यात तीनदा रोपं लावली आणि तिन्ही वेळा उपटली. तपासनिसाला शेतातून हाकलून दिलं. पीक बंद पडलं तेव्हा तो दिवसभर रिकाम्या शेडमध्ये बसून रडायचा. मग रोझने डीनला सांगितलं, तुझी थोडी सेलेरी बुधवारी त्याच्यासमोर ठेव. ती समोर ठेवल्याबरोबर तो शांत झाला, कामाला लागला. सुरुवातीला ती खोकी डीन परत घेऊन जायचा. पुढे एका आठवड्यात दुकानात सेलेरी कमी पडली आणि रोझ म्हणाली, इकडेच आण.

"तिने तुला सांगितलंच नाही?" त्याने विचारलं. "मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे."

परतीच्या रस्त्यावर मला एकच गोष्ट राहून राहून आठवत होती. ऑरगॅनिक सेलेरी साधारण बारीक, गडद हिरवी, थोडी कडवट. तीन वर्षांपूर्वी व्हिन्सची सेलेरी अचानक सुधारली होती. जाड, फिकट, सरळ, एकसारखी. माझ्या लक्षात आलं होतं. लसणाचं बूड बघणाऱ्या बाईच्या ते लक्षात येणारच. मी खूश झाले होते. रोझला म्हटलं होतं, व्हिन्सला सांग, या वर्षी कमाल केली. पाटीवर खडूने 'आधीपेक्षा गोड' असं मीच लिहिलं होतं. रोझ तेव्हा पाठमोरी उभी होती. तिचा चेहरा मी बघितला नव्हता.

तशीच रिहॅबला गेले. रोझ खिडकीपाशी पाय वर करून बसली होती. दुकानातून निघताना बरोबर घेतलेली फाइल मी तिच्या मांडीवर ठेवली. तिने ती उघडली नाही.

बराच वेळ तिने व्हिन्सबद्दल सांगितलं, डीनने सांगितलं होतं तेच. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "रोझ, त्याच्यासाठी तू क्रेट ठेवलेस, ते मला कळतं. मी पण ठेवले असते. पण आपण ती सेलेरी ऑरगॅनिक म्हणून, ऑरगॅनिकच्या किमतीला विकली. तीन वर्षं."

ती म्हणाली, "पहिल्या आठवड्यात मी ठरवलं होतं, एकदाच. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, कुणाला काही झालं तर नाही ना. मग मला त्याचं काही वाटेनासंच झालं, मॅन्जी. तेच मला सगळ्यात वाईट वाटतं."

"गॅव्हिनचं काय?"

तिने डोळे मिटून घेतले. गॅव्हिन तिच्या डोक्यात आलाच नव्हता असं मला वाटलं होतं. पण मिटलेल्या डोळ्यांवरून कळलं, तो दर गुरुवारी आला होता.

मी तिला सांगितलं की उद्या तो येईल आणि मी त्याला सांगणार आहे. तिने अडवलं नाही. परत आल्यावर गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगेन, एवढंच म्हणाली. घरी मिलिंद म्हणाला, नोकरी जाईल, जरा विचार कर. मी म्हटलं, विचार करायला बसले तर गुरुवार निघून जाईल.

सकाळी मी सेलेरीचं शेल्फ रिकामं केलं. बाळाच्या आईला फोन केला आणि कागद सापडला नाही असं नाही, कागदच नाही, असं सांगितलं. ती थँक्यू म्हणाली आणि पुन्हा कधी आली नाही. दुपारी गॅव्हिन आणि लॉरेन आले. मी त्यांना मागच्या खोलीत नेऊन खुर्च्या दिल्या आणि एका दमात सगळं सांगितलं. जबाबदारी मी घेतली होती, चूक माझीही आहे, असं म्हटलं.

 गॅव्हिनने फक्त डीनचं शेत कुठलं ते विचारलं. मी सांगितलं. त्याचे हात एरवीपेक्षा जास्त हलायला लागले, इतके की लॉरेनने ते आपल्या दोन्ही हातांत धरले. तो म्हणाला, "ते शेत मी फवारायचो. बारा वर्षं." मग उठला आणि रिकामी पिशवी खुर्चीवरच टाकून गाडीकडे गेला.

मी रडेन असं वाटत होतं, पण रडू आलं नाही. लॉरेन मागे थांबली. ती सांत्वन करेल किंवा शिव्या देईल अशी माझी कल्पना होती. ती माझ्याजवळ आली आणि अगदी हळू आवाजात बोलली.

"तीन वर्षं तो तुमच्या सेलेरीचं सूप पिऊन शांत झोपला. आपण काहीतरी करतोय असं त्याला वाटायचं. त्याचा आजार सुपाने बरा होणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू आज काय दिलंस त्याला?"

मी म्हटलं, "खरं सांगितलं."

"ते तू स्वतःसाठी सांगितलंस," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली.

फसवल्याचा राग मी समजू शकले असते. हे बोलणं मला अपेक्षित नव्हतं. मी मागच्या खोलीत बसून राहिले, पुढे काउंटरवरची मुलगी हाका मारत होती. आजही भांडी घासताना, गाडी चालवताना ते वाक्य मध्येच येतं आणि मी त्याच्याशी वाद घालते. कधी मी जिंकते, कधी ती.

रोझ काठी टेकत परत आली. तिने आपल्या हाताने एक कागद लिहून दारावर लावला, त्यात काही गाळलं नाही, आणि तीन आठवडे सकाळपासून काउंटरशेजारी खुर्ची टाकून बसली. ज्याला विचारायचं असेल त्याने विचारावं. एकाने तिच्या तोंडावर थुंकल्यासारखं बोलून घेतलं. एका म्हातारीने तिला मिठी मारली. बहुतेक लोकांनी कागद वाचला, आत आले नाहीत, आणि ते जास्त लागत होतं. संस्थेला तिने स्वतः कळवलं. ग्राहकांच्या कायद्याखाली दंड झाला, पाटीवरून 'ऑरगॅनिक' गेलं. आता पाटीवर नुसतं 'ग्रीनग्रोसर', म्हणजे भाजीवाला, एवढंच आहे. आत एक लहान शेल्फ खऱ्या ऑरगॅनिक मालाचं आहे, आणि त्यावरच्या प्रत्येक वस्तूच्या शेतात मी महिन्यातून एकदा जाऊन उभी राहते. शेतकरी थट्टा करतात, इन्स्पेक्टर आली म्हणतात. करू देत.

गॅव्हिन दुकानात पुन्हा आला नाही. काही महिन्यांनी सुपरमार्केटच्या कारपार्कमध्ये तो गाडीत बसलेला दिसला, लॉरेन आत गेली असावी. मी जावं की न जावं या विचारात असतानाच त्याने काच खाली केली. आधी हवेबद्दल बोलला, मग फुटीबद्दल, म्हणजे इथल्या फुटबॉलबद्दल. मग म्हणाला, "तू बरोबरच केलंस, मेट. पण मी सोडून दुसऱ्या कुणाच्या बाबतीत केलं असतंस तर मला आवडलं असतं." तो हसला, मी पण हसले. ट्रॉली ढकलत लॉरेन येताना दिसली तेव्हा मी निघाले.

दुकान आता मीच चालवते. रोझ व्हिन्सच्या घरी राहायला गेली आहे, त्याच्याजवळ कुणीतरी लागतंच. शेडला कुलूप आहे. डीनचे क्रेट त्याच्यासमोर ठेवायला हरकत नव्हती, विकायचे नाहीत एवढंच. मी तसं रोझला म्हटलंही. ती म्हणाली, नको, मला तो मोह पुन्हा नको.

पण गुरुवार त्याला कळतो. कसा कळतो ते देव जाणे, बाकी कुठलाच वार कळत नाही. सकाळी नऊच्या सुमाराला दुकानाचा फोन वाजतो आणि गाडी का आली नाही म्हणून तो विचारतो. माल तयार आहे, उन्हात खराब होईल. पहिल्यांदा मी त्याला खरं काय ते समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो इतका घाबरला की फोनवर लहान मुलासारखा रडायला लागला, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन आलाच.

तेव्हापासून मी सांगते, "व्हिन्स, या आठवड्याला आपल्याकडे भरपूर आहे. पुढच्या गुरुवारी पाठव."

"खपली का सगळी?" तो विचारतो.

"सगळी खपली. लोक विचारत येतात."

तो समाधानाने काहीतरी इटालियनमध्ये पुटपुटतो. मागे रोझ बसलेली असते. चमच्याचा आवाज येतो, खुर्ची सरकल्याचा येतो. ती त्याच्या हातातून फोन कधी घेत नाही. मी फोन ठेवते आणि पुढचं गिऱ्हाईक बघते.